अंगण, वाडी आणि मानधन : ग्रामीण बालसंगोपनाच्या खर्चाचा इतिहास

खेड्यातील लहान मूल दिवसभर कोणी सांभाळावयाचे आणि त्या सांभाळण्याचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आपल्या शिक्षणविषयक इतिहासलेखनात बहुधा तळटीपेत पडलेला आढळतो. पद्धती, साधने, बालमानसशास्त्र ह्यांवर विपुल लिहिले गेले. खर्चाचा विचार मात्र अनुदानाच्या आकड्यांपाशी थांबतो. प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक असल्यामुळे त्यास ह्या प्रश्नाकडे शब्दांच्या वाटेने जाणे सोयीचे वाटते. ही वाट आडवळणाची असली तरी ती आपणांस जमाखर्चापर्यंत नेते.

गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालशाळा उघडली, तिचे नाव बालमंदिर. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी पुढे मुंबईत दादर येथे १९३६ साली संस्था काढली, ती शिशुविहार. दोन्ही नावे संस्कृत आणि भारदस्त आहेत. त्यांत मूल कोठेतरी जाते, कोणीतरी त्यास पोहोचविते, हे गृहीत आहे. ज्या घरात आईस सकाळी मुलाचे हात धरून निघण्याइतका अवकाश आहे आणि महिन्याकाठी फी देण्याइतकी शिल्लक आहे, त्या घरासाठी ही नावे ठीक होती.

१९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. गांधीजींनी नई तालीमचे क्षेत्र शाळापूर्व वयापर्यंत वाढवावे असा विचार त्याच सुमारास मांडला होता; ह्या केंद्रामागे ती प्रेरणा होती. परंतु ह्या वर्षाला दुसराही एक संदर्भ आहे, आणि तो बालशिक्षणाच्या चरित्रग्रंथांत सहसा येत नाही. त्याच १९४५ मध्ये त्याच परिसरात गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध आणि मजुरीच्या दरासाठी उभे राहिले होते. ज्या माणसांना स्वतःच्या श्रमाचेच मोल रोख मिळत नव्हते, ती माणसे मुलाच्या संगोपनाचे मोल रोख देतील ही अपेक्षा व्यर्थ होती. दादरचा हिशेब बोर्डीस लागू पडणे शक्यच नव्हते.

मुले केंद्रात येत ना, तेव्हा कार्यकर्त्या मुलांच्या वस्तीत गेल्या. तेथील झोपड्यांपुढील अंगणात बालवाडी भरू लागली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. ह्या शब्दाकडे किंचित थांबून पाहण्याजोगे आहे. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाट’, ‘वाटिका’ ह्या कुळातला. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. त्यापासून मराठीत दोन अर्थ रूढ झाले. एक बाग, दुसरा लहान वस्ती. फ्रोबेलच्या बालोद्यानाची कल्पना ‘बालवाडी’त पहिल्या अर्थाने उतरली होती. ‘अंगणवाडी’त मात्र दुसरा अर्थही जागा झाला. मंदिर, विहार, वाडी, अंगण असा हा क्रम लावला म्हणजे संस्था पायरीपायरीने जमिनीवर उतरत गेल्याचे दिसते, आणि प्रत्येक पायरीवर पालकाच्या माथ्यावरचा एकेक खर्च उणा होतो : आधी फी, मग पोशाख, शेवटी पोहोचविण्याचा वेळ. साधनांचेही तसेच. माँटेसरीची महागडी उपकरणे बाजूस ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे ह्यांवर काम भागविले गेले. ह्यास काही टीकाकार पद्धतीतील तडजोड म्हणतील. आमच्या मते तो अर्थशास्त्रीय निर्णय होता, आणि तो विचारपूर्वक घेतलेला होता.

तथापि एक खर्च शिल्लक राहिला, आणि तो फार मोठा होता. आईबाप मजुरीस गेले म्हणजे धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसणारी सहासात वर्षांची मुलगी हीच त्या खेड्यातील खरी संगोपनसंस्था होती. तिला वेतन नव्हते. तिने त्याचे मोल आपल्या शाळेने चुकते केले. मुलगी शाळेत का येत नाही ह्याचे उत्तर पालकांच्या अनास्थेत शोधण्याची चाल शिक्षणखात्यात दीर्घकाळ होती. ते उत्तर तिच्या कडेवरच बसलेले होते. ताराबाई व अनुताई ह्यांचे खरे श्रेय हे की, त्यांना ते दिसले. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मूल कामातून सुटत नसेल तर कामाच्या जागीच शाळा न्यावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

शासनाची पावले मंद होती. १९४४ च्या सार्जंट योजनेत शाळापूर्व शिक्षणाच्या दहा लाख विनामूल्य जागांची शिफारस होती. ती कागदावर राहिली. १९४८ च्या कारखाने कायद्याने विशिष्ट संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले, १९५१ च्या कायद्याने चहाकॉफीच्या मळ्यांत. साधे शेत ह्या दोहोंत बसत नाही. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने संस्थांना बालवाड्यांसाठी अनुदाने दिली. अखेर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभरच्या सरकारी कागदांवर चढला.

पालकास विनामूल्य झालेल्या ह्या सेवेचा भार मग कोणी उचलला? येथे दुसरा शब्द पुढे येतो : मानधन. अंगणवाडी सेविकेस वेतन नव्हे, मानधन मिळते. संस्कृतात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास आहे; मान हेच ज्याचे धन, तो. भारवीने किरातार्जुनीयाच्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या धनुर्धरांस हे विशेषण लाविले आहे. गंमत अशी की, त्यांचा धनाने सत्कार केला जातो हेही कवी त्याच श्लोकात सांगतो. मराठीने समास तत्पुरुष केला, मानाखातर दिलेले धन असा अर्थ घेतला, आणि व्यवहारात मान पुढे करून धन आखडते घेतले. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका ह्या शासकीय पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला होता. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते हे मानधन म्हणजे वेतनच होय असे ठरविले. एका शब्दाच्या अर्थनिर्णयावर लक्षावधी स्त्रियांचे म्हातारपण अवलंबून असल्याचे असे उदाहरण अर्थविचाराच्या वर्गात अवश्य सांगावे.

कायद्याच्या भाषेतही असेच सूक्ष्म भेद आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांबाबत मात्र राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तर ती व्यवस्था शासन ‘करू शकेल’. ह्या क्रियापदाच्या आड तीन वर्षांखालील मूल अजून उभे आहे. अंगणवाडी काही तासच भरते; लावणीचा किंवा ऊसतोडीचा दिवस त्याहून फार लांब असतो. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिना २० रुपये घ्यावयाचे होते. २०२२ पासून अंगणवाडीसच पाळणाघर जोडण्याची योजना आली असून तिचे नाव आहे ‘पालना’.

विकासवाडीचे पाळणाघर आणि थोरल्या बहिणीचा वर्ग एका आवारात होते. आज महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि शाळा शिक्षण विभागाकडे. दोन्हींच्या वेळा एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहण्याचे काम अजूनही बव्हंशी त्या थोरल्या बहिणीकडेच आहे.