रविवारच्या बुलेटचं कूळ

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर चौक ते खोपोली या पट्ट्यात रविवारी सकाळी मोटरसायकलींचे जथे दिसतात. गुडघ्यांना पॅड, अंगात जाळीचं जॅकेट, हँडलला मोबाइल, आणि जथ्यात बुलेटच्या घराण्यातल्या गाड्या हमखास. खोपोलीत वडापाव होतो, शिंग्रोबाच्या देवळापाशी फोटो होतात, मग कुणी घाट चढून लोणावळा गाठतं, तर कुणी चौकातूनच कर्जतकडे वळतं. ही ‘राइड’ आता इतकी रुळली आहे, की तिला आणि तिच्यातल्या ब्रँडनिष्ठेला कंपन्यांच्या जाहिरातींनीच जन्म दिला असं सर्रास मानलं जातं. मला हे पटत नाही. ही निष्ठा टंचाईच्या पोटी जन्मली आणि मिस्त्रीच्या हाताखाली वाढली. जाहिरात आली ती बारशाला नव्हे, थेट वरातीला.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. लष्कर आणि पोलिसांना दणकट गाडी हवी होती, म्हणून पन्नासच्या दशकात भारत सरकारने ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९७० पर्यंत इंग्लंडातला कारखाना आटोपला, मद्रासचा चालूच राहिला. परवानाराजच्या त्या काळात मोटरसायकल घ्यायची म्हणजे बुलेट, जावा (पुढे येझदी) किंवा राजदूत, एवढाच बाजार. स्पर्धा नाही म्हणून सुधारणा नाही, आणि सुधारणा नाही म्हणून वर्षानुवर्षं गाडी तीच. पण त्यामुळेच एका पिढीच्या मिस्त्रीने शिकलेलं पुढच्या पिढीलाही उपयोगी पडलं. जुनी बुलेट सुरू करणं हीच एक विद्या होती. अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डिकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा आणि मग एका दमात पुरी किक. अंदाज चुकला की किक उलटी येऊन नडगी शेकून निघायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. टॅपेट आणि पॉइंट अधूनमधून बघून घ्यावेच लागत. ज्याने हे सगळं अंगवळणी पाडलं, तो दुसऱ्या गाडीकडे सहजी वळणार नाही. वळला तर इतक्या वर्षांची कमाई पाण्यात.

याच परिसरात याहून जुना दाखला आहे. पुण्याकडे घाट चढणाऱ्या बहुतेक रेल्वेगाड्यांना मागून बँकर इंजिन जोडण्यासाठी कर्जतला थांबावं लागतं, आणि त्या सक्तीच्या थांब्याने दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर नेला. वडा चांगला होताच, पण थांबा नसता तर तो कर्जतच्या वेशीबाहेर कुणाला ठाऊक झाला असता? बुलेटचंही तसंच: आधी थांबणं भाग पडलं, आवड मागून आली.

यावर कुणी म्हणेल, टंचाई तर राजदूतच्याही वाट्याला होती; मग राजदूतचे जथे का निघत नाहीत? आक्षेप रास्त आहे. नुसत्या टंचाईने भागत नाही. बुलेटच्या अंगावर वर्दी होती: फौजदार आणि लष्करी जवान तिच्यावर दिसत, म्हणून गावात ती दारात उभी असणं हाच एक मान होता. राजदूत मात्र दुधाच्या किटल्या वाहत राहिली. मला स्वतःला किटल्या वाहणं जास्त मोलाचं वाटतं, पण मान मोलावर ठरत नाही. येझदीचा दाखला तर आणखी बोलका आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. पुढची बावीस वर्षं जाहिरात नाही, शोरूम नाही, नवा पार्टही मिळायची मारामार. तरी मालकांनी गाड्या जपल्या, क्लब काढले, जुलैचा दुसरा रविवार जावा दिवस म्हणून पाळला. २०१८ मध्ये महिंद्राच्या पाठबळाने जावा परत आली, तेव्हा गिऱ्हाईक आधीपासून वाट पाहत होतं. कंपनी मेल्यावरही जी निष्ठा जगते, ती कंपनीने घडवली असं कसं म्हणायचं?

म्हणून कंपनीचं श्रेय शून्य, असं नाही. आयशरने १९९४ मध्ये एन्फील्ड ताब्यात घेतली. २००० साली आयशरच्या सिद्धार्थ लाल यांनी एन्फील्डची सूत्रं हाती घेतली तेव्हा महिन्याला जेमतेम दोनेक हजार गाड्या खपत होत्या आणि धंदा गुंडाळण्याची भाषा चालू होती. २००९ च्या क्लासिकमध्ये त्यांनी इंजिन नवं घातलं, बटणस्टार्ट दिला, गिअर डाव्या पायाला होता. बाहेरचं रूप मात्र पन्नासच्या दशकातलं. २०१४ मध्ये कंपनीने तीन लाखांहून अधिक गाड्या विकून हार्ले-डेव्हिडसनच्या जगभरातल्या खपाला मागे टाकलं. हे कसब खरंच मोठं. पण विकलं काय? किकचा त्रास वजा करून उरलेला रुबाब. तो रुबाब जुन्या मालकांनी नडग्या फोडून घेऊन साठवला होता.

त्याला रंगमंच मिळाला तो निव्वळ योगायोगाने. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि त्यावर दुचाकींना सुरक्षेसाठी बंदी राहिली. पुण्याकडे धावणाऱ्या मोटारी खालापूरच्या टोलनाक्याकडे वळल्या, दुचाकींच्या वाट्याला जुना रस्ता राहिला. मुंबईहून पहाटे निघून दुपारी घरी परतता येईल असा, शेवटी घाट असलेला, वाटेत न्याहारी असलेला रस्ता कोणत्याही कंपनीला आखून मिळाला नसता.

याउलट हार्ले-डेव्हिडसनकडे प्रतिमा जगातली सर्वांत भारी होती. तिची वाट मोकळी झाली ती आंब्यामुळे: २००७ मध्ये भारताने हार्लेला आयातीची मुभा दिली आणि अमेरिकेने भारतीय आंब्याला. हापूसच्या या रायगड जिल्ह्याने याची गंमत वाटून घ्यायला हरकत नाही. सौद्यात आंबा टिकला. हार्लेने मात्र २०२० मध्ये इथला कारखाना बंद करून विक्री हीरोच्या हाती सोपवली. करांचा बोजा आणि किंमत ही कारणं खरीच. पण नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता न येणाऱ्या गाडीची मुळं इथे धरली नाहीत, हेही तितकंच खरं.

सोमवारी याच रस्त्यावर वेगळं चित्र असतं. खोपोलीच्या कारखान्यांकडे, कर्जतच्या स्टेशनाकडे जाणारी माणसं स्प्लेंडरवर असतात, आणि जुनी विकून पुन्हा स्प्लेंडरच घेतात. निष्ठा म्हणायची तर हीच पक्की. फक्त तिचा फोटो कुणी काढत नाही. फार्महाउसांसाठी जमिनी विकल्या गेल्या, गुंठामंत्री झाले, आणि गावातही बुलेट आली. पण ती बहुधा स्प्लेंडरच्या शेजारी, तिच्या जागी नव्हे.

राहता राहिला आवाज. जुन्या बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक ९० मिलिमीटरचा. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, सावकाश फिरणारं इंजिन, म्हणून तो संथ ठोका. तो यंत्राच्या घडणीतून येतो, नळकांड्यातून नव्हे. कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा लावला की त्या ठोक्याची नक्कलही होत नाही, कायदा मात्र मोडतो. तेव्हा रविवारी खुशाल या, वडापाव खा, शिंग्रोबाला नाणं टाका. पण रस्त्याकडेच्या गावांतून जाताना सायलेन्सर मूळचाच असू द्या.