तुझे किती आले?

परीक्षागृहाचे दार उघडले की पहिला प्रश्न ऐकू येतो तो 'तुझे किती आले?' हा. यातले 'किती' गुणांविषयी नसते. गुण अजून कुणालाच ठाऊक नसतात. ते असते गणिताच्या शेवटच्या उत्तराविषयी. चौघांशी उत्तर जुळले तर जीव भांड्यात पडतो आणि जुळले नाही तर घरी जाईपर्यंतचा रस्ता लांबतो. आपण सर्वांनीच हा व्यवहार कधी ना कधी केला आहे. त्यामागे एक गृहीत असते: जे अनेकांचे जुळते, ते बरोबर. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या इतिहासातील दोन प्रश्नांकडे वळावे असे आम्हांला वाटते.

'सॅट' ही परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी झाली. तिला ८,०४० विद्यार्थी बसले होते. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, असा तिचा आवाका होता. ती रचणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली बुद्धिमत्ता आणि वंश यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले होते; १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुन्या निबंधवजा प्रवेशपरीक्षा बंद पडल्या आणि पर्यायांवर खूण करण्याची पद्धत रूढ झाली. पेन्सिलीच्या खुणा वाचणारी यंत्रे तोवर आलीच होती. १९४७ साली प्रिन्स्टनजवळ 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही संस्था स्थापन झाली आणि लाखो मुलांचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्याचा अधिकार एका ठिकाणी एकवटला.

या अधिकाराचा पाया गुप्तता हा होता. प्रश्नपत्रिका परत द्यावी लागे आणि उत्तरसूची कुणाच्या दृष्टीस पडत नसे. विद्यार्थ्याच्या घरी पोहोचे ती केवळ एक संख्या. ती कशी आली, हे विचारण्याची सोय नव्हती. १९७९ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून परीक्षार्थीला प्रश्न, त्याची स्वतःची उत्तरे आणि बरोबर उत्तरे मागण्याचा हक्क दिला. १ जानेवारी १९८० पासून तो अमलात आला. प्रश्न उघड झाले तर ते पुन्हा वापरता येणार नाहीत आणि खर्च वाढेल, असे सांगून परीक्षा घेणाऱ्यांनी त्याला विरोध केला होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण उत्तरसूची उघडल्यावर काय दिसले, ते त्याहून महत्त्वाचे ठरले.

ऑक्टोबर १९८० मधील पूर्वपरीक्षेत, म्हणजे 'पीसॅट'मध्ये, दोन पिरॅमिडांचा प्रश्न होता. एकाचा तळ त्रिकोणी, दुसऱ्याचा चौकोनी. तो चौकोनी तळ सोडला तर बाकी सर्व बाजू समान आकाराचे समभुज त्रिकोण. एकाचा त्रिकोण दुसऱ्याच्या त्रिकोणाला तंतोतंत चिकटवला तर नव्या घनाकृतीला किती पृष्ठे राहतील? चार अधिक पाच म्हणजे नऊ, चिकटलेली दोन वजा केली की सात. उत्तरसूचीतही सातच होते. फ्लॉरिडातील एका सतरा वर्षांच्या मुलाने मात्र पाच असे उत्तर दिले होते. ते चूक ठरल्यावर त्याने प्रतिकृती तयार केली आणि अभियंता असलेल्या वडिलांना दाखवली. चिकटवल्यानंतर शेजारशेजारच्या त्रिकोणांच्या दोन जोड्या एकाच पातळीत येतात. मग चार त्रिकोणांच्या जागी दोनच चौकोन उरतात. पडताळा सोपा आहे. असे दोन चौकोनी पिरॅमिड एकमेकांना लागून ठेवले, तर त्यांच्या शिखरांमधले अंतर बाजूइतकेच भरते आणि मधल्या फटीत त्रिकोणी पिरॅमिड नेमका बसतो. मार्च १९८१ मध्ये संस्थेने चूक मान्य केली आणि सुमारे २,४०,००० विद्यार्थ्यांचे गुण वाढले.

पुढच्याच वर्षी, १९८२ च्या मुख्य परीक्षेत, याहून विलक्षण प्रकार घडला. एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एकतृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने गडगडत मूळ जागी येईपर्यंत स्वतःभोवती किती फेरे घेईल? पर्याय होते दीड, तीन, साडेचार, सहा आणि नऊ. परीघ तिप्पट, म्हणून फेरे तीन, असा प्रश्न काढणाऱ्यांचा हिशेब होता. खरे उत्तर आहे चार, आणि ते पर्यायांत नव्हतेच.

हा चौथा फेरा कुठून आला? देवळात प्रदक्षिणा घालणारा माणूस आठवावा. आपण जागच्या जागी फिरलो असे त्याला वाटत नाही. पण गाभाऱ्याभोवती एक वळसा पुरा होईपर्यंत त्याचे तोंड चारही दिशांना होऊन गेलेले असते. प्रदक्षिणा स्वतःच एक गिरकी देते. गडगडण्याचे तीन आणि प्रदक्षिणेचा एक, मिळून चार. हे ज्ञान नवे नाही. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने एका युगातील पृथ्वीची भ्रमणे १,५८,२२,३७,५०० दिली. त्यांतून सूर्याच्या ४३,२०,००० प्रदक्षिणा वजा केल्या की आपले उगवत्या सूर्यावर मोजलेले दिवस १,५७,७९,१७,५०० मिळतात. दर वर्षामागे एक भ्रमण जास्त: तोच तो चौथा फेरा.

त्या परीक्षेला बसलेल्या सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांपैकी तिघांनी ही चूक कळवली. प्रश्न रद्द झाला, उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या आणि गुण दहाएकाने वर किंवा खाली सरकले.

आता त्या दिवशीच्या व्हरांड्याची कल्पना करावी. 'तुझे किती आले?' 'तीन.' 'माझेही तीन.' सगळ्यांचे जुळले. चार म्हणणारा एखादा असेल तर तो एकटा पडला असणार, आणि त्याच्याविरुद्ध केवळ मित्र नव्हते, छापील प्रश्नपत्रिकाही होती. त्याने अधिक विचार केला, म्हणून त्याचा वेळ गेला. उत्तर सापडेना, म्हणून त्याचा आत्मविश्वास गेला. चुकीच्या प्रश्नाचा दंड विचार करणाऱ्यालाच अधिक बसतो, ही गोष्ट कोणत्याही फेरतपासणीने भरून निघत नाही. तरीही उत्तरे पडताळण्याची सवय व्यर्थ आहे, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. मत जुळणे हा पुरावा नव्हे, एवढेच या दोन प्रश्नांनी शिकवले. पुठ्ठ्याचे दोन पिरॅमिड किंवा टेबलावर फिरवलेली दोन नाणी हा पुरावा. आणि तो मांडायचा तर प्रश्न हाती असावा लागतो, आपले उत्तर कशाशी जुळले नाही हे कळावे लागते.

२०२४ पासून अमेरिकेतही ही परीक्षा संगणकावर होते. पहिल्या भागातील कामगिरी पाहून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. शेजारच्या मुलाला तेच प्रश्न येतील असे नाही. गैरप्रकार त्यामुळे कमी होतील, हे खरे. पण दाराबाहेर आलेली दोन मुले एकमेकांना 'तुझे किती आले?' असे विचारतील, तेव्हा आधी 'तुला प्रश्न कोणता होता?' हे विचारावे लागेल. लाखोंना एकच प्रश्न होता, म्हणून तिघांच्या शंकेचा लाभ सर्वांना झाला. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा झाला, की प्रत्येकाची शंकाही एकाकी होते. चौथा फेरा पुढच्या वेळी कोण मोजील, याची चिंता आम्हांला वाटते ती म्हणूनच.