काशीची गंगा आणि रिहंदचे पाणी

काशीच्या घाटावर कोणत्याही प्रांतातला यात्रेकरू उतरला, तरी त्याची पहिली गाठ पडते ती नावाड्याशी. महाराष्ट्रात जसे कोळी आणि भोई, तसे गंगेकाठी मल्लाह आणि निषाद. नाव वल्हवणे हे त्यांच्या उपजीविकेचे दृश्य अंग. जाळे टाकणे हे दुसरे, यात्रेकरूच्या सहसा दृष्टीस न पडणारे. या जाळ्यात पूर्वी काय येत असे आणि आज काय येते, हा इतिहास दोन धरणांशी निगडित आहे. एक काशीच्या खालच्या अंगाला बंगालमध्ये, दुसरे काशीच्या दक्षिणेस विंध्याच्या डोंगराळ प्रदेशात.

गंगेतील माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रोहिता, कतला, मृगला, इलिशा ही त्यांनी दिलेली नावे मूळची मासेमारांच्या तोंडची होती. म्हणजे शास्त्राने बारसे केले खरे, पण नावे सुचविली ती जाळे ओढणाऱ्यांनी. रोहू सर्वत्र रोहूच. कटल्याला काशीकडे भाकुर म्हणतात आणि मृगळाला नैन.

यांतील इलिशा, म्हणजे हिलसा, हा समुद्रातला पाहुणा. कोकण किनाऱ्यावर त्याला पाला म्हणतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढू लागे, आणि काशी मागे टाकून अलाहाबादपर्यंत, प्रसंगी त्याच्याही वर जात असे. 1975 साली फराक्का येथील बंधारा सुरू झाला. कलकत्ता बंदराकडे जाणाऱ्या हुगळीत पाणी वळवून तिचा गाळ धुऊन काढावा, हा त्याचा हेतू. परंतु माशाच्या वाटेवर दरवाजे लागले आणि काशीच्या जाळ्यातून हिलसा जवळजवळ नाहीसा झाला. अलीकडे फराक्क्याच्या वर हिलसा सोडून त्याला पुन्हा वसविण्याचे प्रयत्न चालले आहेत.

दुसऱ्या धरणाची कथा वरवर पाहता नेमकी उलटी आहे. तत्कालीन मिर्झापूर जिल्ह्यात, पिपरी येथे रिहंद नदीवर पंडित नेहरूंच्या हस्ते 1954 साली कोनशिला बसविण्यात आली आणि 1963 च्या जानेवारीत त्यांच्याच हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे 91 मीटर उंचीच्या या भिंतीमागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला, त्यास गोविंद वल्लभ पंत सागर असे नाव मिळाले. आज हा भाग सोनभद्र जिल्ह्यात मोडतो आणि जलाशयाचा काही विस्तार मध्य प्रदेशातही आहे. रिहंदचे पाणी शोणेला मिळते आणि शोण पाटण्याच्या वरच्या बाजूस गंगेला. काशीच्या घाटांना ते कधीच स्पर्श करीत नाही.

या सागरात भरभराट झाली ती मुख्यतः कटल्याची. याचे कारण जीवशास्त्रात आहे. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात. कटला मात्र वरच्या थरातील सूक्ष्म जीवांवर वाढतो. बुडालेल्या दऱ्याखोऱ्यांचा खोल तळ माशांना फारसे काही देत नाही. उजेड आणि अन्न असते ते वर. साहजिकच जो वर चरतो तो फोफावतो. मात्र हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना वाहते, पुराचे पाणी लागते. म्हणून पावसाळ्यात ते जलाशयाच्या वरच्या टोकाला, नदीमुखाकडे धाव घेतात. 1957 साली हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी अंतःस्रावाच्या साहाय्याने या जातींचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तोवर नदीतून गोळा केलेल्या बीजावरच भिस्त होती. पुढे हॅचरीतले बीज जलाशयात सोडणे शक्य झाले.

तथापि मासा वाढला म्हणजे मासेमाराचे भाग्य उजळलेच, असे नाही. नदीतल्या मासेमाराची विद्या प्रवाहाची: पाणी कधी गढुळते, कोणत्या वळणावर मासा विसावतो, हे त्याला बापजाद्यांकडून कळलेले असते. स्थिर, खोल पाण्यात ही विद्या अपुरी पडते. तिथे फासजाळी सायंकाळी सोडून पहाटे उचलावी लागतात आणि बुडालेल्या झाडांचे खुंट ती फाडतात. शिवाय मोठ्या जलाशयावरील हक्क बहुधा ठेक्याने दिला जातो, त्यामुळे जाळे टाकणारा पुष्कळदा मालक नसतो, मजूर असतो. ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांच्याच दारात हा प्रश्न येऊन उभा राहिला.

त्यात पुढे कोळशाची भर पडली. जलाशयाभोवती औष्णिक वीजकेंद्रे उभी राहिली. 2019 आणि 2020 साली राखेच्या तळ्यांचे बांध फुटून राख वाहत आली. परिसरातील माशांत पारा आढळल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. मासा विपुल असला तरी तो खावा की नाही, हा नवाच प्रश्न निर्माण झाला.

फराक्क्याने एक मासा नेला, रिहंदने एक मासा वाढविला. पण या दोहोंची बेरीज-वजाबाकी करून हिशेब मिटत नाही. धरण पाणी साठविते त्याचबरोबर मासेही निवडते, आणि मासे निवडताना त्यांवर जगणारी माणसेही निवडते. धरणाच्या आराखड्यात विजेचे, सिंचनाचे, गाळाचे आकडे असतात. जाळ्याचाही एक रकाना त्यात असता, तर काशीच्या मल्लाहाला आणि रिहंदकाठच्या मासेमाराला आपला वाटा मागण्यासाठी पाणी भरून गेल्यावर उभे राहावे लागले नसते.