दगडांचे बी

शेर, कोरफड, पानफुटी, फड्या निवडुंग या आपल्या परिचयाच्या मांसल वनस्पती. यांपैकी कशाचे बी कोणी पेरल्याचे आपण सहसा पाहत नाही. शेराची फांदी खोचली की कुंपण उभे राहते, कोरफडीच्या बुडाशी पिले फुटतात आणि पानफुटीचे तर नावच तिची रीत सांगते. मग बियांच्या वाटेला कोण जाईल? दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील लिथॉप्स या प्रजातीच्या बाबतीत मात्र ही सोय जवळजवळ नाही. छाटायला तिला दिसण्याजोगे खोडच नसते. एकमेकांना चिकटलेली दोन जाड पाने, मध्ये एक चीर, आणि सगळे अंग मातीत. वर दिसतो तो फक्त पानांचा सपाट माथा. त्याचे रंग आणि नक्षी भोवतालच्या खड्यांसारखी असते. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या नावाचा अर्थही ‘दगडासारखी दिसणारी’ असाच आहे. कोकणात खाडीकाठच्या खारट जमिनीवर पसरणारी, जाड पानांची आणि गुलाबी फुलांची सेसुव्हियम ही वनस्पती याच कुळातली, पण दोघींना शेजारी ठेवले तर कोणाला पटणार नाही.

लिथॉप्सची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती 1811 मध्ये. विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गसंशोधक ऑरेंज नदीच्या परिसरात, आजच्या प्रीस्का गावाजवळ प्रवास करत होता. विचित्र आकाराचा खडा म्हणून त्याने जमिनीवरून काहीतरी उचलले, आणि ती निघाली वनस्पती! दगडासारखे दिसण्यामुळे ही रसाळ वनस्पती चरणाऱ्या जनावरांच्या नजरेतून सुटत असावी, असा तर्कही त्याने आपल्या प्रवासवर्णनात मांडला. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन तपांहून अधिक काळ आधी केलेले हे निरीक्षण आहे. त्या वनस्पतीला भोवऱ्याच्या आकाराची म्हणून ‘मेसेम्ब्रिअँथिमम टर्बिनिफॉर्मे’ असे नाव मिळाले. हे नाव पुढे बराच काळ एका जातीला लावले गेले. परंतु बर्चेलला सापडलेली जाती नेमकी कोणती, हे त्याच्या वर्णनावरून खात्रीने ठरवता येत नाही, म्हणून आज ते वापरात नाही. एका जातीची नक्षी जागेगणिक बदलते आणि दोन जातींची नक्षी कधीकधी सारखी दिसते. अशा वनस्पतीला केवळ शब्दांत पकडणे अवघडच होते.

पुढची शंभर वर्षे अशा नव्यानव्या जाती मेसेम्ब्रिअँथिमम या एकाच प्रजातीत टाकल्या जात होत्या. तिच्यात शेकडो जाती साठल्या आणि ती एक अडगळीची खोली झाली. ती आवरायला घेतली निकोलस एडवर्ड ब्राऊन यांनी. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहालयातून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर! त्यांनी पानांचा नाद सोडून बोंडांकडे, म्हणजे बीजकोशांच्या रचनेकडे पाहिले, आणि 1922 मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागकामाच्या साप्ताहिकात लिथॉप्स ही स्वतंत्र प्रजाती मांडली.

हे बोंड वर्गात दाखवण्यासारखे आहे. कापसाचे किंवा भेंडीचे बोंड वाळले की उकलते. येथे सगळे उलट आहे. वाळलेले बोंड घट्ट मिटलेले असते. त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. काही मिनिटांत झाकणे मागे वळतात आणि बोंड चांदणीसारखे उघडते. वाळले की पुन्हा मिटते. हे अनेकदा करून पाहता येते, कारण येथे कोणतीही जिवंत पेशी काम करत नाही. झाकणांच्या आतील मृत ऊती पाणी शोषून फुगते, एवढेच. निसर्गात पावसाचा थेंब उघड्या बोंडात आपटतो आणि थोड्या बिया उडवतो. उरलेल्या पुढच्या पावसासाठी राहतात. जिथे पाऊसच क्वचित पडतो, तिथे पाऊस आल्याखेरीज बी न सोडणे किती फायद्याचे, हे विद्यार्थ्यांना सांगावेही लागणार नाही.

यानंतरच्या इतिहासात वनस्पतिशास्त्राबाहेरची माणसे बरीच आढळतात. जर्मनीतील गुस्ताव श्वांटेस या कुळाचे मोठे जाणकार. पण त्यांचा व्यवसाय प्रागैतिहासिक पुरातत्त्वाचा. डेस्मंड कोल हे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात बांटू भाषांचे प्राध्यापक होते. त्स्वाना भाषेचे त्यांचे व्याकरण 1955 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच दशकात ते आणि त्यांच्या पत्नी नॉरीन लिथॉप्सच्या मागे लागले. पुढे जवळजवळ प्रत्येक ज्ञात वसाहत त्यांनी प्रत्यक्ष पाहिली, सुमारे 400 वसाहतींतील नमुने घेतले आणि प्रत्येक वसाहतीला एक क्रमांक दिला. त्या क्रमांकाच्या झाडांचे बी त्यांनी जगभर वाटले. 1988 मध्ये या दोघांचा लिथॉप्सवरील ग्रंथ आला आणि जातींचा गोंधळ बराचसा मिटला.

आमच्या मते ग्रंथाइतकेच महत्त्व त्या क्रमांकांना आहे. बर्चेलच्या वर्णनात जे निसटले ते या बियांच्या पाकिटांनी धरून ठेवले. कुठल्याशा गच्चीवरील कुंडीत वाढलेले रोपसुद्धा ‘मी अमुक टेकडीवरचे’ असे सांगू शकते. त्यासाठी एकच अट असते. फुलांचे परागीभवन त्याच क्रमांकाच्या दोन रोपांमध्ये झाले पाहिजे. मधमाशीने शेजारच्या कुंडीतून पराग आणले, की रोप देखणे निघेल, पण पत्ता हरवला. (वर्गात रोपांना चिठ्ठ्या लावायचा कंटाळा करणाऱ्यांना हे जरूर ऐकवावे.)

पत्ता माहीत असण्याची दुसरी बाजूही आहे. 2019 पासून दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पश्चिम भागात मांसल वनस्पतींची चोरटी खणती फार वाढली. कोनोफायटम ही लिथॉप्सची नातलग प्रजाती तिचे मुख्य लक्ष्य ठरली, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या रोपांची संख्या लाखांत गेली. काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच असतात. तेथे एका रात्रीत संपूर्ण वसाहत नष्ट होऊ शकते. त्यामुळे अशा जातींची नेमकी ठिकाणे अभ्यासक आता उघड करत नाहीत. विज्ञानाला पत्ता हवा आणि झाडाला तो लपवायला हवा, असा हा पेच आहे. बियांपासून वाढवलेले रोप मिळत असताना खणून आणलेले विकत घेणे आम्हांला असमर्थनीय वाटते. तेव्हा असे रोप पाहण्याची हौस असेल, तर बी पेरावे.

आपल्याकडे त्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे. भरड वाळू आणि बारीक खडी अधिक, माती थोडी, असे मिश्रण पसरट कुंडीत घालावे. बी खसखशीहून बारीक असते. ते पृष्ठभागावरच भुरभुरावे, झाकू नये. कुंडी खालून भिजवावी आणि वर काच ठेवावी. एकदोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. मग काच हळूहळू काढावी, नाहीतर बुरशी सगळे आटोपते. पुढे पाण्याचा मोह आवरणे हीच मुख्य मशागत. जुन्या पानांच्या चिरेतून नवी जोडी वर येते ती जुन्या जोडीतले पाणी शोषून. त्या काळात पाणी घातले तर जुनी पाने सुकत नाहीत आणि रोप बिघडते. आपल्या पावसाळ्यात कुंडी छपराखालीच हवी.

पहिले फूल यायला साधारणपणे तीन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. ते पिवळे किंवा पांढरे असते आणि बहुधा दुपारनंतर उमलते. स्वतःच्या परागाने बी धरत नाही, म्हणून निदान दोन रोपे एकाच वेळी फुललेली हवीत. मऊ कुंचल्याने पराग या फुलावरून त्या फुलावर न्यावेत. बोंड पुरते वाळू द्यावे, थेंबभर पाण्याने उघडावे, बिया कागदावर सुकवाव्यात आणि पाकिटावर पहिल्या पाकिटावरचाच क्रमांक उतरवावा.