भिंतींचा विमा, भांड्यांचा विमा

‘घर जळालं’ असं आपण सहज म्हणतो. पण नेमकं काय जळालेलं असतं? भिंती, छप्पर, दारं-खिडक्या, की आतली भांडीकुंडी, कपडालत्ता, धान्यधुन्य? संसार करणाऱ्याला दोन्ही एकच. विम्याच्या कागदावर मात्र हे दोन निराळे रकाने असतात. ते निराळे का झाले, ही गोष्ट लंडनमध्ये सुरू होते.

२ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग भडकली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं बेचिराख झाली. नौदलाच्या कचेरीतले अधिकारी सॅम्युएल पेपिस यांनी ही हकिगत रोजनिशीत लिहून ठेवली आहे. आग जवळ येऊ लागली तेव्हा त्यांनी बागेत खड्डा खणून वाईन आणि पार्मेसान चीज पुरलं. त्यांचं घर अखेर वाचलं. पुस्तकविक्रेत्यांचं नशीब तसं नव्हतं. दगड जळत नाही या भरवशावर त्यांनी ग्रंथांचे गठ्ठे सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात रचले. कॅथीड्रलच पेटलं, छप्पर कोसळलं, गठ्ठे खाक झाले.

अशा नुकसानीचा विमा तेव्हा नव्हताच. सर्वांत अडचणीत आले ते भाडेकरू. अनेक करारांत घर नीट राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. म्हणजे सामान जळालं ते त्यांचं, घर पुन्हा बांधायचं ते त्यांनी, आणि वर भाडंही चालूच! हे तंटे सोडवायला १६६७ मध्ये खास न्यायालय बसलं. जो घर बांधेल त्याचं भाडं कमी करून किंवा कराराची मुदत वाढवून न्यायाधीशांनी अनेक प्रकरणांत वाट काढली.

पुढे निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकानं १६८० च्या सुमारास भागीदारांसह ‘फायर ऑफिस’ काढलं. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. पण विमा घरापुरताच, आतल्या चीजवस्तूंचा नाही. यामागचा व्यवहार समजण्यासारखा आहे. घर जागचं हलत नाही; ते पाहता येतं, मोजता येतं. सामान मात्र आज आहे, उद्या नाही. आत किती होतं, हे जळाल्यावर कोणी सांगायचं?

तरीही व्यापाऱ्याची खरी पुंजी गोदामातच असे. ही गरज चार्ल्स पोव्हे यानं ओळखली आणि मालाच्या विम्याची योजना मांडली. तिच्यातूनच १७१० मध्ये ‘सन फायर ऑफिस’ उभं राहिलं. तिथे घर आणि सामान, दोन्हींचा विमा उतरवता येई. विमा असलेल्या घरांवर सूर्याच्या चेहऱ्याची शिशाची पाटी ठोकली जाई. १७१४ मध्ये तर ‘युनियन’ ही संस्था केवळ सामानाच्या विम्यासाठी निघाली. एकत्र की वेगळा, हा प्रश्न असा तीनशे वर्षांचा जुना आहे.

आपल्याकडे त्याचं उत्तर निसर्गानं दोन वेळा, दोन तऱ्हांनी दिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं माणसांवरच कोसळली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, पण तळमजल्यावरचे संसार चिखलात गेले. एकाच बाजूचा विमा दोन्ही वेळा पुरा पडला नसता.

मग आपण काय करावं? भाड्यानं राहणाऱ्यानं भिंतींचा विमा उतरवण्याचं कारण नाही. तो घरमालकाचा विषय. त्यानं सामानाचा पाहावा. सहकारी सोसायटीत इमारतीचा विमा सोसायटीनं उतरवायचा असतो, पण तो खरोखर चालू आहे का, हे सभासदानं वार्षिक सभेत विचारावं आणि आपल्या सामानाचा वेगळा घ्यावा. स्वतःचं स्वतंत्र घर असेल तर एकत्र विमा सोयीचा. नाहीतर भिंतीत बसवलेलं कपाट इमारतीत धरायचं की सामानात, यावर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि आपण मधे उभे!

१ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांना समान असलेली पॉलिसी आहे. तिच्यात घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातलं सर्वसाधारण सामान आपोआप येतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं.

आणि घराची रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. पुन्हा बांधायला किती लागेल, तेवढीच रक्कम धरा. सामानाची यादी करा, पावत्या जपा आणि त्यांची एक प्रत घराबाहेर ठेवा. बार्बनच्या काळी जो प्रश्न अडला होता, तो आजही तिथेच अडतो: आत काय होतं, हे सांगायचं कशाच्या आधारावर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)