लिली पार : बंदीनंतरची तीस वर्षे

एखाद्या बंदीचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा बंदी घालणाऱ्यांवरच खिळलेली असते. ठराव कोणत्या शब्दांत झाला आणि तो मागे केव्हा घेतला गेला, एवढे सांगितले की प्रकरण मिटले असे मानण्याची रीत आहे. ज्यांच्यावर बंदी लादली गेली ती माणसे मधल्या काळात काय करीत होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लिली पार या इंग्रज फुटबॉलपटूच्या आयुष्याकडे आम्ही वळतो आहोत ते या प्रश्नासाठी.

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी लँकेशरमधील सेंट हेलेन्स या काचकारखान्यांच्या गावी, एका कामगार कुटुंबात झाला. भावांच्या बरोबरीने ती फुटबॉल आणि रग्बी खेळत वाढली. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाने इंग्लंडमधील कारखान्यांचे रूप पालटून टाकले होते. पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कामावर स्त्रिया आल्या. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ या कंपनीत एरवी ट्रामगाड्या तयार होत. युद्धकाळात तेथे तोफगोळे होऊ लागले. तेथील कामगार स्त्रियांच्या संघाने १९१७ च्या नाताळात डीपडेलच्या मैदानावर सामना खेळला, तेव्हा सुमारे १०,००० प्रेक्षक जमले होते. उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी होते. संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड फ्रँकलंड याने पुढे सेंट हेलेन्सच्या संघातून खेळणाऱ्या लिलीला हेरले आणि १९२० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आगेमागे, ती प्रेस्टनला आली. तिची जागा डाव्या बगलेवरची होती, आणि डाव्या पायाच्या फटक्यातील तिची ताकद लवकरच सर्वतोमुखी झाली.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा सामना सेंट हेलेन्सच्या महिलांशी झाला. प्रेक्षक होते ५३,०००. बाहेर ताटकळलेले हजारो निराळेच. महिला क्लबांच्या सामन्यातील गर्दीचा हा विक्रम २०१९ पर्यंत अबाधित राहिला.

या सामन्याला वर्षही पुरते झाले नव्हते तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपला प्रसिद्ध ठराव केला. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची भाषा जरूर पाहावी. ‘स्त्रियांनी खेळू नये’ असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. हा खेळ स्त्रियांना अगदीच अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांना नाकारावीत, अशी ती सौजन्यपूर्ण विनंती आहे. धर्मादाय सामन्यांच्या हिशेबाविषयी शंकाही जोडलेली आहे. खेळणाऱ्या स्त्रियांवर असोसिएशनचा अधिकार चालत नव्हता, मैदानांच्या मालकांवर मात्र चालत होता. म्हणून बंदी माणसांवर न घालता जमिनीवर घातली गेली. युद्ध संपल्यावर स्त्रियांनी घरी परतावे ही तत्कालीन अपेक्षा या ठरावामागे होती, यात शंका नाही. १९२१ च्या खाणकामगारांच्या टाळेबंदीत या संघांनी कामगारांच्या मदतीसाठी सामने खेळले, तेही अनेकांना रुचले नसावे, असे काही इतिहासकार मानतात.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. लिली पार खेळत राहिली. १९२२ मध्ये संघ अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडात त्यांना खेळू दिले गेले नाही, तेव्हा अमेरिकेत त्यांनी पुरुषांच्या संघांशी सामने केले. मायदेशी रग्बीची मैदाने आणि मोकळी पटांगणे उरली होती, तेथे खेळ चालू राहिला. १९२६ मध्ये कारखान्याचे नाव सुटले आणि संघ ‘प्रेस्टन लेडीज’ झाला. लिलीने व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली, आणि त्या नोकरीबरोबरच ती १९५१ पर्यंत खेळली. म्हणजे तिच्या कारकिर्दीची जवळजवळ तीस वर्षे बंदीच्या छायेतली आहेत. ज्या उज्ज्वल काळाचे वर्णन नेहमी केले जाते, तो जेमतेम दोन वर्षांचा आहे.

या तीस वर्षांच्या जागी आज आपल्याला आख्यायिका आढळतात. तिच्या फटक्याने एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडला ही कथा पुनःपुन्हा सांगितली जाते. तिच्या गोलांची संख्या ९०० च्या वर सांगण्यात येते. अधिकृत स्पर्धा आणि तिची दप्तरे असती, तर हा आकडा ताडून पाहता आला असता. मैदान नाकारले गेले तेव्हा त्याबरोबर नोंदवहीही नाकारली गेली, आणि नोंदीची जागा कथेने भरून काढली. कथा गौरवाची असली तरी आमच्या मते तिच्यात एक अन्याय दडलेला आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेल्या कौशल्याला ती चमत्कार ठरवते, आणि चमत्कार एकट्यादुकट्याचाच असतो. मग तिच्या बरोबरीने पाऊस-चिखलात खेळणाऱ्या इतर स्त्रिया आपोआप नजरेआड होतात.

बंदी उठली ती १९७० च्या दशकाच्या उंबरठ्यावर, जवळजवळ अर्ध्या शतकाने. लिली तेव्हा पासष्टीत होती. २४ मे १९७८ रोजी ती वारली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या सन्माननीयांच्या पहिल्या यादीत तिला स्थान दिले ते २००२ मध्ये. त्या यादीत ती एकटीच स्त्री होती. २०१९ मध्ये मँचेस्टर येथे, त्याच संग्रहालयात, तिचा पुतळा उभा राहिला.

या सन्मानांच्या आधीचे एक काम मात्र विसरता कामा नये. गेल न्यूशॅम या लेखिकेने १९९४ मध्ये या संघाचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ज्या खेळाडूंची दप्तरे कोणी ठेवली नाहीत, त्यांच्याविषयी हयात असलेल्यांच्या आठवणी अशा प्रयत्नांमुळेच वेळीच टिपल्या गेल्या. पुतळा लिलीचा चेहरा दाखवतो. ती कोणाबरोबर खेळली, हे जाणण्यासाठी आपल्याला अशा पुस्तकांकडेच जावे लागते.