इन्सुलिन असूनही साखर का वाढते?

मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, असे आपण वर्गात सांगतो. १९२२ साली टोरांटोत रुग्णांना प्रथम इन्सुलिन दिले गेले आणि मरणाच्या दारातली मुले उठून बसली, तेव्हा सर्वांचाच तसा समज झाला. पण हे उत्तर अपुरे होते.

१९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी एक साधी चाचणी केली. रुग्णाला ग्लुकोज पाजायचे आणि त्याच वेळी इन्सुलिन टोचायचे. काहींची रक्तशर्करा आटोक्यात राहिली. काहींची चढतच गेली. म्हणजे काही शरीरे इन्सुलिनला दादच देत नव्हती! यालाच आपण आज 'इन्सुलिन-रोध' म्हणतो. पुढे १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजून दाखवले. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांत ते कमी नव्हते.

मग अडवते कोण?

पहिला धागा १९३६ मध्येच अमेरिकेत मिळाला होता. लाँग आणि लुकेन्स यांनी स्वादुपिंड काढलेल्या मांजरांची अधिवृक्क ग्रंथीही काढली, आणि मधुमेह सौम्य झाला. इन्सुलिन तर मिळालेच नव्हते! तेव्हा या ग्रंथीतून इन्सुलिनच्या विरुद्ध काम करणारे काहीतरी स्रवत असले पाहिजे. ते म्हणजे कॉर्टिसॉलच्या वर्गातली स्टेरॉइड संप्रेरके. ती यकृताला नवे ग्लुकोज बनवायला लावतात आणि चरबीतून मेदाम्ले रक्तात सोडतात.

दुसरा धागा या मेदाम्लांचाच. १९६३ मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी मांडले, की मेदाम्ले जळत असली की स्नायू ग्लुकोज कमी वापरतो. १९९६ मध्ये जेरल्ड शुलमन यांच्या गटाने माणसांवर चुंबकीय अनुस्पंदनाचे तंत्र वापरून यात दुरुस्ती केली. अडथळा ग्लुकोजच्या ज्वलनात नसून त्याआधीच, ते पेशीत शिरण्याच्या टप्प्याशी आहे. पेशीत साचलेले काही मेदपदार्थ इन्सुलिनचा संदेशच पुढे जाऊ देत नाहीत, असे आता मानले जाते.

हा इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरभारांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा प्रत्येक माणूस सुरक्षित असतोच असे नाही. आणि २०२१ च्या करोना लाटेत स्टेरॉइडे व अनियंत्रित साखर एकत्र आली, तेव्हा महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा तडाखा सोसला. स्टेरॉइडे जीव वाचवतात; पण ती मनाने घेऊ नयेत, मनाने एकदम बंदही करू नयेत, आणि ती चालू असताना साखर तपासावी.

कुलूप उघडत नसेल तर दर वेळी किल्लीच हरवलेली नसते. वर्गात मधुमेह शिकवताना आपण कुलपाबद्दलही बोलू या.